चाविनारची पूर्व शीव

जुन्या ताम्रपटातलं नाव आजच्या नकाशावर जुळलं की गाव सापडलं असं बाहेरच्या लोकांना वाटतं. नागाव अलिबागजवळ आहे, उरणला आहे, भिवंडीलाही आहे, मग बसा शोधत. खरी परीक्षा चतुःसीमेची, चारी बाजू एका जागी बसायला हव्यात.

आमच्याकडे केस होती उत्तर कोकणचा राजा अरिकेसरी शिलाहार याच्या ताम्रपटाची. शके ९३९, कार्तिकी पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे इ.स. १०१७. ठाण्यात पाया खणताना १७८७ मध्ये सापडलेला. त्यात चाविनार गाव दान दिलंय आणि शिवा सांगितल्यात: पूर्वेला पुआगांब आणि डोंगरावरून पडणारं पाणी, दक्षिणेला नागांब आणि मूलाडोंगरिका, पश्चिमेला सांबरपल्लिका नदी, उत्तरेला सांबिवे आणि कटियालक. आता भिवंडीचा नकाशा उघडा. चाविंद्रा, पोगाव, नागाव, आणि थोडं पलीकडे काटई! हजार वर्षांनी चार नावं अशी शेजारी शेजारी बसलेली बघून आजही अंगावर काटा येतो. पश्चिमेची नदी मी कामवारी धरली. नाव जुळत नाही, पण पल्लिका म्हणजे पाडा, आणि नदीला काठावरच्या पाड्याचं नाव पडणं आपल्याकडे नवीन नाही.

राहिलं ते डोंगरावरचं पाणी. ऑफिसातल्या आमच्या हुशार सहकाऱ्याने थिसेन पॉलिगॉन (प्रत्येक जागा सर्वात जवळच्या गावाला देऊन हद्द आखायची पद्धत) मारून पूर्व शीव दोन मिनिटांत काढून दिली, दोन गावांच्या बरोब्बर मधोमध, रेघ डोंगर चढून पलीकडे उतरलेली. दान देणाऱ्याने तिथे पाणी लिहिलंय रे बाबा, मध्यबिंदू नाही! पण सॉफ्टवेअरला बंद आकृती लागते आणि साहेबांना रंगीत नकाशा लागतो.

म्हणून जुनी टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा, आणि भूमी अभिलेखमधून आणलेला गाव नकाशा घेऊन ऐन पावसात निघालो. पोगावच्या बाजूला जाईपर्यंत गोडाऊन, पुन्हा गोडाऊन, मधेच ट्रकांची रांग. एका गेटवर वॉचमनने नकाशा बघूनच हाकललं, त्याला वाटलं मोजणीवाले आलेत, आणि त्यालाही काय बोलणार, इथे नकाशा घेऊन येणारा माणूस जमिनीवरच येतो. शेवटी बकऱ्या घेऊन चाललेले एक बाबा भेटले. विचारलं, "बाबा, डोंगराचं पाणी कुठून उतरतं?" ते काही न बोलता गोडाऊनच्या मागे घेऊन गेले. भिंतीखालून दोन सिमेंटचे पाइप, त्यातून लाल गढूळ पाणी जोरात येत होतं, वर कातळावरून उतरणारी पांढरी धार स्पष्ट दिसत होती, आणि बाबा म्हणाले, "ह्यो ओहोळ बंद करायला बघत होते, पानी ऐकतंय व्हय?"

गाव नकाशावर ती निळी रेघ होती. ताज्या सॅटेलाइट फोटोत मात्र छप्पर.

हाच १०१७चा प्रवाह असं मी छातीठोक लिहिणार नाही, डोंगराला धारा बऱ्याच असतात. पण शीव अशाच कुठल्यातरी ओहोळाने जाते, मधोमध नाही, एवढं नक्की. मी पूर्वेला तुटक रेघ काढली आणि उत्तर बाजू उघडीच ठेवली, कारण सांबिवेला लावण्यासारखं एकही नाव मला पटलेलं नाही. साहेबांनी फाइल परत पाठवलीय, 'पॉलिगॉन क्लोज करा' म्हणून. मी अजून केलेला नाही.