आई, मावशी आणि कुंडलिकेवरची झिपलाइन

फॅमिली आउटिंग म्हटलं की आमच्याकडे वाद ठरलेला, पोरांना ट्रेक हवा, दादाला रिसॉर्टवर निवांत पडून राहायचं असतं, आणि आई नि मावशीचा गुडघ्यांमुळे आधीपासूनच "तुम्ही जाऊन या गं, आम्ही सामान सांभाळतो" असा सूर. हे सामान सांभाळणं मला फार खटकतं. ज्या बायकांनी आम्हाला सगळीकडे हिंडवलं त्यांनी आता बाकावर बॅगा घेऊन बसायचं आणि आम्ही परत येऊन त्यांना फोटो दाखवायचे, हे बरोबर नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टच धरला की सगळ्यांना जमेल असंच काहीतरी करायला जायचं, आणि त्यासाठी झिपलाइनसारखं, म्हणजे उंच मचाणावरून ताणलेल्या तारेला लटकून पलीकडे घसरत जाण्यासारखं, दुसरं काही नाही असं माझं आता पक्कं मत झालंय. पोहता यायची गरज नाही, दम लागत नाही, हातात ताकद लागत नाही कारण सगळं वजन हार्नेसवर, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर, असतं, मचाणाच्या पायऱ्या हळूहळू चढता आल्या म्हणजे झालं. फक्त बीपी, हार्ट, पाठीचं दुखणं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आईची बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच बुकिंग केलं.

गेलो रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला, पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, विळे असं करत. मुळशीचा जलाशय दिसायला लागला तशी आईने (शाळेत इतिहास शिकवायची ती) माझ्या पुतणीला, सईला, 1921 च्या मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगायला घेतली, सेनापती बापट, धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी लढलेले मावळातले शेतकरी, सगळं. आणि गंमत म्हणजे घाट उतरून आपण जी नदी बघतो ती कुंडलिका याच धरणाच्या पाण्यावर खळाळते, मुळशीचं पाणी खाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसला येतं, त्यावर वीज होते आणि मग ते नदीत सुटतं. म्हणून तर पावसाळा संपला तरी तिथे सकाळी राफ्टिंग (हवा भरलेल्या रबरी होड्यांतून) चालतं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी सुटलेलं होतं, खालून राफ्ट जात होत्या आणि वरून झिपलाइनची तार, या काठावरून त्या काठावर.

आता हार्नेसबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बायका नेमक्या इथेच मागे सरतात. आईला साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावला होता, ओढणी गाडीतच ठेवली, मंगळसूत्र ड्रेसच्या आत, केस घट्ट बांधून हेल्मेटखाली, चष्म्याला मागून दोरी. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर यायला हवा, मांड्यांचे पट्टे फिरवून घट्ट करायचे, इतके की आत जेमतेम बोटं जातील. तिथला मुलगा प्रत्येक पट्टा ओढून बघत होता आणि नंतर वर मचाणावर दुसऱ्या मुलाने तेच सगळं पुन्हा तपासलं, कॅराबिनरचं, म्हणजे पट्टे अडकवायच्या धातूच्या कडीचं, लॉक फिरवून बघितलं. तारेवर चाकांनी धावणाऱ्या ट्रॉलीला मुख्य पट्टा आणि त्याशिवाय एक वेगळा सेफ्टीचा पट्टा, म्हणजे एकाला काही झालं तर दुसरा आहेच. मला हे बघूनच अर्धी भीती गेली.

"काकू, उडी मारायची नाही, फक्त पाय उचला. आणि ट्रॉलीच्या पुढे तारेला हात लावायचा नाही." एवढंच तो म्हणाला. आईने माझ्याकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं, देवाचं नाव घेतलं असावं कारण ओठ हलले, आणि पाय उचलले. ट्रॉलीच्या चाकांचा तो झर्रर्र आवाज लांब लांब जात गेला आणि मधोमध पोचल्यावर आईने चक्क दोन्ही हात पसरले!! मावशी इकडून ओरडतेय "अक्का, पट्टा धर गं", आणि अक्का नदीच्या वर हात पसरून चाललीये. मी व्हिडिओ काढायचा विसरून रडत होते.

मग मावशी गेली, मग वहिनी, मग दादा. वजन जास्त असलेला माणूस जास्त वेगात जातो त्यामुळे दादा सगळ्यात जोरात पोचला आणि ब्रेकला बऱ्यापैकी झटका बसला. सई मात्र हलकी. तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मध्ये थोडी झोळ खाते, म्हणजे शेवटचा तुकडा किंचित चढाचा असतो, आणि हलकं पोर, त्यात समोरून वारा, म्हणजे ते शेवटपर्यंत पोचतच नाही. सई थांबली आणि हळूच मागे यायला लागली. वहिनीचा चेहरा उतरला पण पलीकडचा मुलगा लगेच स्वतःला तारेला अडकवून हाताने ओढत ओढत तिच्यापर्यंत गेला, तिच्याशी गप्पा मारल्या आणि तिला घेऊन आला. लहान मुलं असतील तर अशा वेळी काय करता हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा, वजनाची किमान आणि कमाल मर्यादाही विचारा, आणि हसतहसत "काही होत नाही" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

हे मी उगाच म्हणत नाहीये. मागे एका दुसऱ्या ठिकाणी पोरांना दिलेल्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लागतच नव्हता, आणि "राहू द्या, दोन मिनिटांचं तर काम आहे" असं आम्हाला सांगण्यात आलं. पैसे भरले होते तरी आम्ही पोरांना घेऊन निघालो. पोरं नाराज झाली, होऊ देत. तारेवर असताना आपल्या हातात काहीच नसतं, जे काय बघायचं ते खाली जमिनीवर असतानाच बघायला लागतं.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकट, सोलकढी. आई आणि मावशी जेवताना एकमेकींना तेच तेच सांगत होत्या, मधे कसं वाटलं, वारा कसा लागला, आणि आम्ही बाकीचे ऐकत होतो. किती वर्षांनी असं झालं.

आता मावशीने कुठूनतरी जोधपूरच्या मेहरानगडाचा व्हिडिओ शोधून ग्रुपवर टाकलाय. तिथे किल्ल्याला लागूनच झिपलाइन आहे, 1459 मध्ये राव जोधाने बांधायला घेतलेला किल्ला, त्याच्या तटबंदीशेजारून आणि तळ्यांवरून जाते, एक नाही, एकामागून एक सहा. मधे चालायला लागतं म्हणून गुडघ्यांचं आधी बघायला हवं. मावशीचं म्हणणं, डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी चालून ती गुडघे तयार करणार, आणि आईलाही सोबत ओढून नेतेय.