बिननावाचं सॅम्पलर : संथ अल्बम शेवटी वर आले

मंडळी, मतं मोजून झाली! मेटल अल्बमांचे तुकडे नावं झाकून एकामागोमाग लावायचे आणि तुम्ही मत द्यायचं, अशा या सॅम्पलरच्या यंदाच्या फेरीत बेल विच पहिल्या तिनात आहे! गिटार नसलेला बँड, नुसता बास आणि ड्रम्स, ८३ मिनिटांचा एकच ट्रॅक, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी नाव माहीत नसताना त्याला उचलून धरलं. आजवरच्या प्रत्येक फेरीत असले अल्बम तळाला जायचे. म्हणून ठरल्यापेक्षा आधीच हे अपडेट लिहितेय, राहवत नाही.

मागच्या वेळी मी म्हटलं होतं की दोष तुमच्या कानांचा नाही आणि अल्बमचाही नाही, आवाजाच्या पातळीचा आहे. तेव्हा तो संशय होता. आता खात्री पटली.

दोन तुकडे एकामागोमाग लावले आणि त्यातला एक जरासा चढा असला, तर कान चढ्यालाच जास्त जोरकस आणि जास्त स्पष्ट समजतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक 'हा मोठा आहे' असा कळतच नाही, 'हा चांगला आहे' असा कळतो. आपल्या संगीतात तर याचा कहर आहे. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा मास्टर, म्हणजे विक्रीला जाणारी अंतिम ध्वनिप्रत, आवाजाने इतका ठासलेला होता की 'गिटार हीरो' या खेळातली त्याच गाण्यांची आवृत्ती जास्त मोकळी वाटते म्हणून चाहत्यांनी रान उठवलं होतं. अंडरग्राउंडमध्ये असं चालत नाही, हा आपला गोड समज आहे. उणे ७-८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) टेकवलेले डेथ मेटलचे मास्टर आजही सर्रास येतात, आणि त्यांच्या शेजारी श्वास घेणारा एखादा डूमचा, म्हणजे संथ, जड मेटलचा मास्टर ठेवला की तो बिचारा आजारी वाटतो. नावं झाकली म्हणजे न्याय झाला असं होत नाही, कारण आवाजाचा पूर्वग्रह तसाच शिल्लक राहतो.

यावरचा सोपा उपाय तुम्हीच सुचवला होता: प्रत्येक तुकडा कापायचा, मोजायचा आणि सगळे एकाच पातळीवर आणायचे. इथेच घोडं पेंड खात होतं. स्पेक्ट्रल वूंड या ब्लॅक मेटल बँडच्या तुकड्याला काही होत नाही, तो पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच दमात जातो. पण बेल विचच्या 'द क्लँडेस्टाइन गेट'ची सुरुवात ऑर्गनने होते, बराच वेळ एकट्या ऑर्गनने, आणि मग बास-ड्रम्स येऊन पडतात. नुसत्या ऑर्गनचा तुकडा कापून मोजला की गणित म्हणतं हा फार हळू आहे, वाढवा. वाढवला की ऑर्गन ब्लास्ट बीटइतका, म्हणजे अतिवेगवान ड्रम्सइतका मोठा वाजतो. बँडने जी दरी मुद्दाम ठेवली होती तीच बुजते, आणि उरतो तो कुठल्याही अर्थाविना गरजणारा ऑर्गन. त्याला कोण मत देणार?

मग आवाजाची पातळी सारखी करणारं एक फुकटचं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं टूल वापरून पाहिलं. फाइल एकदाच वाचून काम उरकतं, म्हणून लोक त्याची शिफारस करतात. या अशा कामासाठी मी ते कुणालाही सुचवणार नाही. या पद्धतीत ते पुढचा अख्खा अल्बम न बघता चालता चालता आवाज वर-खाली करत राहतं, म्हणजे प्रत्यक्षात हळू-मोठ्यातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसरच लावतं. ब्लड इन्कॅन्टेशनच्या 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'मधल्या 'द स्टारगेट'चा दुसरा भाग त्यातून काढून ऐकला. टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचे थॉर्स्टन क्वेशनिंग ज्यात वाजवतात तोच भाग. सिंथचा थर हळूहळू विरत जायला हवा, तर तो विरायच्या ऐवजी फुगत होता. मागचा बारीक सळसळाट पुढे येऊन बसला होता. आणि तिसऱ्या भागात बँड तुटून पडतो तिथे उलट आवाज दबला. हा अल्बम बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलाय त्यांनी, ती खोली ऐकू यावी म्हणून आपण जिवाचं रान करायचं आणि टूलने तिच्यावर बोळा फिरवायचा!

मार्ग सापडला तो रिप्लेगेन या गाण्यांचा आवाज सारखा करणाऱ्या पद्धतीच्या जुन्या विचारात. त्यात पहिल्यापासून दोन आकडे आहेत, एक ट्रॅकचा आणि एक अल्बमचा. आपण सगळे शफल लावून ऐकतो म्हणून ट्रॅकचा आकडा वापरायची सवय झालीय. खरं काम अल्बमच्या आकड्याचं आहे. आधी अख्खा अल्बम मोजायचा, त्यावरून एकच बदल ठरवायचा, तो पूर्ण अल्बमला सरसकट लावायचा आणि मग कात्री चालवायची. कापून मोजायचं नाही, मोजून कापायचं. ऑर्गन हळू आहे तेवढाच हळू राहतो, बास कोसळतो तेवढाच कोसळतो, आणि तरीही बेल विच आणि स्पेक्ट्रल वूंड एकमेकांशेजारी बसू शकतात.

लक्ष्य उणे १८ एलयूएफएस ठेवलं, रिप्लेगेनच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे तेच. स्ट्रीमिंगवाल्यांसारखं उणे १४ का नाही, असं काही जणांनी विचारलं होतं. कारण मोकळे मास्टर उणे १४ वर आणायला वर ढकलावे लागतात, आणि त्यांचे स्नेअर ड्रमचे शेंडे आधीच छताला टेकलेले असतात. ढकलले की एकतर क्लिपिंग, म्हणजे शेंडे कापले जाऊन आवाज फाटणं, नाहीतर शेंडे दाबणारा लिमिटर. उणे १८ वर जवळजवळ सगळ्यांना खालीच यावं लागतं, म्हणून कुणाचंच काही मोडत नाही. तुम्ही फक्त आवाजाचं बटण वर करा, आणि एकदा ठरवलं की मधे हात लावू नका.

एवढं करूनही एक अडचण उरली. अल्बमच्या आकड्याने न्याय होतो, पण नुसता हळू भाग कापला तर तो सॅम्पलरमध्ये हळूच वाजणार. त्यामुळे तुकडा कुठे कापायचा याचा नियम बदलला. पूर्वी मी अल्बममधला सगळ्यात जोरदार भाग शोधायचे. आता उंबरठा शोधते, म्हणजे शांततेकडून जोराकडे किंवा जोराकडून शांततेकडे जाण्याची जागा. बेल विचचा तुकडा ऑर्गनच्या शेवटच्या दीडेक मिनिटापासून सुरू होऊन बास येऊन स्थिरावतो तिथपर्यंत आहे. ब्लड इन्कॅन्टेशनचा दुसऱ्या भागाच्या शेपटापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत. 'हे कोण आहेत?' हा प्रश्न तुम्ही याच दोन तुकड्यांखाली सगळ्यात जास्त विचारलात. ते वाचून जीव भांड्यात पडला.

आता नावं उघड करते. पहिला आला अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' (२०२४). ऑकलंडचे तिघंच, आणि ड्रमर जेमी सेंट मेराट स्वतःच रेकॉर्डिंग आणि मिक्सही करतो. ते ऐकू येतं. इतक्या दाट, विसंवादी स्वरांच्या गर्दीत टॉम ड्रमचा प्रत्येक ठोका कुठे पडला ते कळतं. आधीच्या अल्बमांपेक्षा यात सुरावट जास्त आहे, म्हणून काहींना तो सौम्य वाटला. मला उलट वाटतं. चाल लक्षात राहते म्हणून भीती अल्बम संपल्यावरही सोबत राहते.

ब्लड इन्कॅन्टेशन दुसरे. स्पेक्ट्रल वूंडचा 'साँग्ज ऑफ ब्लड अँड मायर' चौथा, मॉन्ट्रियलचं सरळसोट ब्लॅक मेटल, रिफ असे की मान आपोआप हलते. ओरान्सी पाझुझुचा 'मुउन्ताउतुया' आणि चॅट पाइलचा 'कूल वर्ल्ड' एकाच दिवशी आले होते, ११ ऑक्टोबर २०२४ ला, आणि आपल्याकडेही दोघांना सारखीच मतं पडली. माझं मत फिन्सना, म्हणजे ओरान्सी पाझुझुला. इलेक्ट्रॉनिक्स आणि ब्लॅक मेटल यांचा सांधा दिसूच नये इतकं त्यांनी ते एकजीव केलंय. मेस्साचा 'द स्पिन' (२०२५) मागे पडला याचं वाईट वाटतं. गायिका सारा बियांकिनचा आवाज ग्राउलच्या, म्हणजे गुरगुरत्या गाण्याच्या गर्दीत ऐकायचा नसतो, त्याला स्वतःची जागा लागते. पुढच्या फेरीत तो परत घेणार आहे. हा निर्णय माझा.

खरेदीबद्दल थोडं. सॅम्पलरसाठी आणि घरी ऐकायलाही मी फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या) फाइली बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवरूनच घेते. ज्या शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात तेव्हा घेतलं तर बँड आणि लेबलकडे जास्त पैसे जातात. मार्च २०२० पासून ही प्रथा आहे, तारखा बघून ठेवा. उलट एका दुकानातून जादा पैसे मोजून 'हाय-रेझ' आवृत्ती घेतली, तर तोच ठासलेला मास्टर फक्त मोठ्या फाइलमध्ये. चोवीस बिटने चिरडलेला स्नेअर उठून उभा राहत नाही. विकत घेण्याआधी कुणाकडे डीआर, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर, मोजलेला आहे का ते विचारा. तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, पण दोन आवृत्त्यांत निवड करायला पुरतो.

आणि कॅसेटवाल्यांसाठी एक छोटा आनंद. ब्लॅक मेटलची एक डेमो टेप अगदी मातकट वाजत होती, झांजा जणू घोंगडीखाली. डेक मोनोवर टाकला आणि टेप चालू ठेवून टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा, त्याचा कोन ठरवणारा अ‍ॅझिमथचा स्क्रू केसभर फिरवला. एका बिंदूवर खिडकी उघडावी तशा झांजा उघडल्या. स्क्रू मूळ कुठे होता त्याची खूण आधी करून ठेवा, म्हणजे बाकीच्या टेपसाठी परत आणता येतो.

हे लिहिता लिहिताच एक लक्षात आलं, आणि पुढच्या फेरीचा बेत बदलतेय. एलयूएफएस मोजताना खालच्या स्वरांना कमी वजन असतं आणि वरच्यांना थोडं जास्त. त्यामुळे कर्कश ब्लॅक मेटल मोजमापात मोठं दिसतं आणि खाली आणलं जातं, तर तळाशी जाड असलेलं डूम वर चढतं. आकडा सारखा, पण चांगल्या हेडफोनवर बेल विचचा बास छातीत घुसतो आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर गायबच होतो. म्हणजे यंदाच्या निकालात कोण कशावर ऐकत होतं यालाही वाव आहे. म्हणून दोन्हींची सरमिसळ न करता पुढच्या वेळी तुकडे पट्टीप्रमाणे लावणार: आधी तीक्ष्ण, मग मधले, मग जड. मेस्सा बरोबर मध्ये, पुलासारखा. तुकड्यांमधली शांतताही सारखी ठेवणार नाही. जोरदार शेवटानंतर कानाला सावरायला जास्त सेकंद लागतात, तेवढे देणार. आणि मत देताना कशावर ऐकलंत ते लिहायचं, हे आता सक्तीचं.

पुढच्या फेरीतले इम्पीरियल ट्रायम्फंटचा 'गोल्डस्टार' आणि डेफहेवनचा 'लोन्ली पीपल विथ पॉवर' कापून तयार आहेत, दोन्ही मार्च २०२५ चे. अडलंय ते सूमॅकच्या 'द हीलर'वर. ७६ मिनिटांत चारच ट्रॅक, आणि उंबरठे इतके की कुठलाही धरला तरी उरलेला अल्बम खोटा वाटतो. ज्यांनी तो पूर्ण ऐकलाय त्यांनी कुठली तीन मिनिटं घ्यावीत ते मिनिट-सेकंदासकट कळवा. दोघातिघांचं एका जागेवर एकमत झालं तर तिथेच कापते.