सातचा पाढा

आज भाचा-भाचीला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला बसले. काम एकच: लूप लावून (म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवून) सातचा पाढा छापा. भाच्याने धडाधड टाइप केलं, पाढा त्रेसष्टवरच थांबला. रेंज(१, १०) म्हणजे १ पासूनचे आकडे, पण शेवटचा १० गाळून. त्यातले १० त्याने अंदाजाने ११ केले, सत्तर आले, गडी पोहे खायला पसार! का थांबला होता, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

भाची मात्र कीबोर्डला हातच लावेना. "मावशी, शेवटचा आकडा का गाळतात?" सांगितलं, मोजणी शून्यापासून, रेंज(१०) म्हणजे ० ते ९, बरोबर दहा आकडे. तिने ते आधी वहीत मांडलं. मग पहिल्याच फटक्यात पाढा बरोबर, पण पाऊण तासाने.

मी स्वतः भाच्याच्या पठडीतली. ऑफिसात अजूनही आधी रन मारते, एरर नंतर वाचते.

(तिचे पोहे गार झाले. मीच संपवले.)