तुम्ही विचारलंत म्हणून: मृगातला तांबडा तारा काक्षी (बेटेलग्यूज) फुटला तर?

आमच्या रावेरकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. हिवाळ्यात मोटार चालू करून, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून बांधावर बसलं की मृग डोक्यावर असतो आणि सोबतचं कुणीतरी विचारतंच, "भाऊ, तो तांबडा तारा फुटला तर आपलं काय?" 2019 च्या शेवटी काक्षी एकाएकी मंदावला, तेव्हापासून तर जास्तच.

आपलं काही बिघडणार नाही. तो पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं लांब आहे. मंदावला होता तोही त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे. पण मला पुढचं सांगायची घाई असते: अशा जड ताऱ्यांच्या जगण्या-फुटण्यावर अख्ख्या आकाशगंगेचं चालतं.

सूर्याच्या आठपटीहून जड तारा शंभरात एखादाही जन्मत नाही. जितका जड, तितका अल्पायुषी. सूर्याला हजार कोटी वर्षं मिळतात. वीसपट जड तारा एक कोटीच्या आतबाहेर आटोपतो. गाभा कोसळतो, वरचे थर उधळतात आणि पोटात शिजलेला ऑक्सिजन, मॅग्नेशियम भोवतालच्या वायूत मिसळतो. केळीचं तसंच आहे. घड एकदाच, मग खोड कापून शेतातच कुजवायचं, बुंध्याशी फुटलेली पिलबाग त्यावर पोसते.

पण एवढंच सांगितलं तर ते अर्धं राहतं. मृगाच्या तलवारीतला धुरकट ठिपका बघा. तिथे तारे जन्मतायत, आणि मधल्या एका जड ताऱ्याचा अतिनील प्रकाश नि त्याच्यावरून सुटणाऱ्या कणांचा वारा उरलेला वायू पिटाळून लावतोय. वायू गेला की तिथले जन्म थांबले. कुठे हाच रेटा वायू दाबून नवे तारे सुरूही करतो. लहान दीर्घिकांची (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, पण छोट्या तारासमूहांची) गुरुत्वाची ओढ कमी, तिथे स्फोटांनी वायू पार बाहेर जातो. सप्तर्षीतल्या एम 82 या दीर्घिकेतून असे लोट निघताना दुर्बिणींनी टिपलेत.

आपली आकाशगंगा वर्षाला सूर्याच्या जेमतेम एक-दोन वस्तुमानांइतके तारे घडवते. ही काटकसर बऱ्याच अंशी मोठ्या ताऱ्यांनी लावलेली. नाहीतर बराचसा वायू केव्हाच तारे होऊन संपला असता, आणि आपला सूर्य तर अवघ्या 460 कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या वाट्याला कदाचित वायू उरलाच नसता.

परवा हे ऐकून एकाने ठिबकच्या नळीखाली ओंजळ धरली. "म्हणजे हे पाणीही त्यातलंच?"

त्यातला ऑक्सिजन बहुतेक अशाच ताऱ्यांच्या पोटातला. हायड्रोजन मात्र कुठल्याही ताऱ्याच्या आधीचा.