एकाच घरचं अमृत कोकम, दोन बाटल्या

सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, भोगव्याचा किनारा. तीन दिवस छान गेले, गर्दीही सोसण्याइतकीच होती. पण मला लिहायचंय ते वेंगुर्ल्याजवळच्या एका घराच्या ओटीवर ठेवलेल्या दोन बाटल्यांबद्दल.

घर तेच, झाडं तीच, किंमतही तीच. उजेडात धरल्यावर एकीतलं अमृत कोकम गडद किरमिजी दिसत होतं. बाटली तिरकी केली की काचेला धरून सावकाश उतरायचं. दुसरीतलं विटकरी, पातळ, वर बारीक बुडबुड्यांची कडी. झाकण फिरवताच फुस्स झालं. शेजारचा पर्यटक लगेच "भेसळ आहे" म्हणाला, आणि ते मला फार लागलं. घरच्या काकूंनी काहीही न लपवता सांगितलं, "ह्यां पावसाआदलां, ह्यां मागसून काढलेलां."

त्या एका वाक्यात सगळं आलं. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धुऊन अगदी कोरडे करायचे, अर्धे कापून बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे. एक किलो सालीला दोन किलो साखर. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि आठेक दिवसांत पाक सुटतो. उकळी नसते, म्हणून ताज्या फळाचा वास टिकतो. पण पाण्याचा हिशेब चुकला तर सावरायला आचही नसते. पावसात भिजलेलं फळ पाणी धरतं. प्रमाण तेच ठेवलं तरी पाक पातळ होतो. ब्रिक्स, म्हणजे पाकातलं साखरेचं शेकडा प्रमाण, 65च्या खाली उतरला की यीस्ट वाढतं, साखरेचा मद्यार्क आणि वायू होऊ लागतो. वाइनवाले जे मुद्दाम करतात तेच इथे नको असताना घडतं, आणि झाकण फुगतं.

एकाच बरणीतही फरक पडतो. जड पाक आणि न विरघळलेली साखर तळाशी बसते. रोज ढवळलं नाही तर वरून भरलेली बाटली पातळ, खालची दाट. रंगाचं कारण आणखी वेगळं: कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो उन्हात आणि उष्णतेत विटतो. टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं तरी फिका पडतो, म्हणून लाल रसांना सोडियम बेंझोएट वापरतात. या घरात दोन्ही नाही, सगळी भिस्त साखरेवर.

वाइनच्या बाटलीवरचं वर्ष आपण कौतुकाने वाचतो. कोकमाला मात्र दरवेळी तोच रंग, तीच चव हवी, हे मला पटत नाही. पावसाआधीचं आहे का ते विचारा, बाटली तिरकी करून बघा, बुडबुडे दिसले तर घेऊ नका. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

काकूंनी फसफसलेली बाटली आत नेऊन ठेवली. मी घेतलेल्या बाटलीच्या पट्टीवर त्यांनी पेनाने लिहून दिलं: मे, बरणी 3.