पन्नाशीला टेकल्यावर सापडलेला डास

सोमवारी सकाळी कारपूलमधल्या सहकाऱ्याने गाणं लावलं. पियानो, ड्रमवर ब्रशची झुळझुळ, हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं काहीतरी. दहा सेकंदांनी मी फिस्सकन हसले. 'डाउन विथ द सिकनेस'! डिस्टर्ब्ड या मेटल बँडचं, घसा फाडून म्हणायचं गाणं, आणि हा गृहस्थ ते पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडल्यासारखं म्हणतोय. सहकाऱ्याला वाटलं, मी नुसती सौजन्याने हसतेय. अतिशय प्रेमाने म्हणाला, "तुला गंमत कळावी म्हणून सांगतो, हे मुळात रॉक गाणं आहे."

अरे, मी पुण्याची आहे! निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडची 'नेव्हरमाइंड' ही कॅसेट १९९१ साली आली. आमच्यापर्यंत ती पोचली कॉपीची कॉपी होऊन, ब्लँक कॅसेटवर. पेन्सिलीने रीळ मागे फिरवत, एकेक ओळ कानाने पकडत मी ती गाणी वहीत उतरवली आणि कॉलेजच्या गॅदरिंगला गायले. अर्धे प्रेक्षक उठून वडापाव खायला गेले, तो भाग वेगळा. पण अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही मला रॉक समजावून सांगणारे भेटतातच. मी फ्रीवेवर मूळ गाणं सुरुवातीच्या गुरगुरण्यासकट म्हणून दाखवलं. पुढचा प्रवास शांततेत झाला.

हा गायक मात्र मला माहीत नव्हता, हे कबूल. रिचर्ड चीज. खरं नाव मार्क जोनाथन डेव्हिस. २००० पासून लॉस एंजेलिसमध्ये हाच उद्योग, अंगात वाघाच्या पट्ट्यांचा टक्सिडो, आणि साथीदारांची नावंही चीजचीच: रिकोटा, फेटा, ब्री. आपल्याकडे श्रीयुत खरवस आणि तबल्यावर पंडित चक्का, असं समजा. त्याचं 'सिकनेस' २००४च्या 'डॉन ऑफ द डेड' या झाँबीपटातही आहे.

त्या नादात रात्री पॉल अँका हा जुन्या पिढीतला पॉप गायक ऐकला. हा थट्टा करत नाही. २००५च्या 'रॉक स्विंग्ज'मध्ये बिग बँड घेऊन निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' सरळ मनापासून गातो. मूळ गाण्यात शब्द गिटारच्या गदारोळात बुडालेले. इथे गिटार बाजूला, बास एकेक पाऊल टाकत चाललेला, आणि शब्द लख्ख. त्यात डास आहे! मस्किटो! माझ्या वहीत तिथे भलताच शब्द होता, आणि तोच मी शे-दोनशे लोकांसमोर बेंबीच्या देठापासून ओरडले होते. पन्नाशीला टेकल्यावर हे कळावं! (कोणाच्याच लक्षात आलं नसणार. आम्ही वाजवतच इतकं मोठ्याने होतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पुण्यातल्या रात्री, बाबांना व्हिडिओ कॉलवर दोन्ही ऐकवली. सवाईला वर्षानुवर्षं सतरंजीवर बसलेला माणूस. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकलं. मग म्हणाले, "दोघांचेही गळे तयार आहेत. पण पहिला टिंगल कोणाची करतोय, गाण्याची की स्वतःची?"

मला सांगता येईना. आपल्याकडचा वरातीतला बँड वाट्टेल ते गाणं वाजवतो, पण टिंगल म्हणून नाही, असं काहीतरी मी बोलले. बाबा म्हणाले, "बँडचं राहू दे. तू गॅदरिंगला गायलीस ते मूळ गाणं पाठव."

पाठवलं. सकाळी उठले तर व्हॉट्सॲपवर उत्तर:

"ऐकलं. आईने खोलीचं दार लावून घेतलं. डास कुठे आहे?"