इराकवर हल्ला योग्य होता का?

आज जेवताना मामांशी अमेरिकेच्या २००३मधल्या इराकवरच्या हल्ल्यावरून चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं, हुकूमशहा सद्दामने १९८८मध्ये हलब्जा शहरात स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला होता, असा माणूस गेला ते बरंच झालं. आणि इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, या दाव्याबद्दल तेव्हा सगळ्यांचीच फसगत झाली.

हे 'सगळ्यांचीच' मला अजिबात पटत नाही. ५ फेब्रुवारी २००३ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चिमुकली कुपी हातात धरून अँथ्रॅक्स या जीवघेण्या जिवाणूचं भय दाखवत होते. जैविक शस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांची त्यांची माहिती मुख्यतः एका इराकी निर्वासिताकडून आलेली, सांकेतिक नाव 'कर्व्हबॉल'. त्याच्यावर विसंबू नका, असं जर्मन गुप्तचरांकडून आधीच कानावर घातलं गेलं होतं. २०११मध्ये त्याने स्वतःच खोटं बोलल्याचं कबूल केलं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अण्वस्त्रांसाठीच आहेत, या दाव्याशी तर अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ सहमत नव्हते.

शंका होत्या, मामा! त्या दाबल्या गेल्या.

संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तेव्हा इराकमध्येच तपास करत होते. ७ मार्चला त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले, आणखी काही महिने लागतील. २० मार्चला बॉम्ब पडायला लागले. एवढी कसली घाई? आपल्या संसदेनेही त्या एप्रिलमध्ये निंदेचा ठराव केला आणि वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला, याचं मला आजही समाधान वाटतं.

"मग हलब्जाच्या लोकांना न्याय कोणी द्यायचा?" मामांनी विचारलं. प्रश्न खरा आहे, माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण पॉवेल जगाकडे पाठिंबा मागत होते तो शस्त्रांच्या नावावर, आणि ती शस्त्रं सापडलीच नाहीत.